टस्कीगी विद्यापीठ: कार्व्हरच्या पलीकडे मुलांना काय दाखवावं?

विज्ञानमंडळ

आठवी-नववीच्या मुलांसाठी अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या टस्कीगी विद्यापीठावर पाऊण तासाचं व्याख्यान आणि सोबत आठ तक्त्यांचं छोटं प्रदर्शन करायचं आहे. मराठी मुलांना कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर ओळखीचा असतो, पण तो जिथे ४६ वर्षं राबला ती संस्था मात्र फारशी कोणाला ठाऊक नसते. विषय तोच ठेवायचा आहे: गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या लोकांसाठी निघालेल्या एका शाळेने विज्ञान, वैद्यक आणि शिक्षण यांत काय उभं केलं.

माहिती गोळा करताना परस्परविरोधी गोष्टी सापडताहेत, म्हणून विचारतो:

१) कार्व्हरचे शेंगदाण्यापासूनचे ३०० शोध आणि पीनट बटर, यातलं खरं किती?
२) पोलिओची लस टस्कीगीत तयार झाली असं एकीकडे, हेला पेशींपासून (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशी) लस बनली असं दुसरीकडे. नेमकं काय झालं?
३) सिफिलिसचा 'टस्कीगी प्रयोग' या वयाच्या मुलांना सांगावा का? सांगायचा तर कसा?
४) शिक्षणातलं काम दाखवायला एखादी ठोस वस्तू किंवा नकाशा?
५) मुलांना स्वतःच्या हाताने करता येईल असा एखादा प्रयोग?

---

बेवड

पहिला आणि पाचवा प्रश्न घेतो.

३०० हा आकडा कार्व्हरच्या पदार्थांच्या यादीतून आलेला आहे. त्या यादीत खाण्याच्या पाककृती आहेत, रंग आहेत, साबण आहे, आणि एकाच गोष्टीच्या बऱ्याच छटा वेगवेगळ्या मोजलेल्या आहेत. बहुतेकांची कृती त्याने लिहून ठेवलेली नाही. पेटंटं त्याच्या नावावर फक्त तीन, १९२५ ते १९२७ या काळातली, सौंदर्यप्रसाधन आणि रंगांसाठीची. पीनट बटर त्याचं नाही. शेंगदाण्याच्या लगद्याचं पेटंट कॅनडाच्या मार्सेलस एडसनने १८८४ मध्येच घेतलं होतं. तेव्हा कार्व्हर टस्कीगीला यायला अजून १२ वर्षं होती.

पण तक्त्यावर 'हे खोटं, ते खोटं' एवढंच लिहून थांबू नका. कार्व्हरचं मोठेपण त्या यादीत मुळात नव्हतंच. ते त्याच्या पत्रिकांमध्ये आहे. १८९८ पासून टस्कीगीच्या प्रयोगकेंद्राकडून त्याने ४०हून अधिक पत्रिका काढल्या. पत्रिका लिहिताना त्याच्या डोळ्यासमोर तीन वाचक असायचे: शेतकऱ्यासाठी लागवडीची साधी माहिती, शिक्षकासाठी त्यामागचं शास्त्र, आणि घरातल्या बाईसाठी पाककृती. १९१६ ची शेंगदाण्याची पत्रिका घ्या. पेरणी कशी करायची ते आधी सांगितलंय आणि मग खाण्याचे १०५ प्रकार. कारण सरळ आहे. कापसाऐवजी शेंग लाव म्हटलं की शेतकरी विचारणार, विकली नाही तर करू काय? ती घरात खपवायची वाट त्याच पत्रिकेत दिलेली आहे.

या गोष्टीत एक चूक मराठीत हमखास होते. अलाबामात १९१० च्या सुमाराला कापसावर जी कीड आली तिला आपल्याकडे सरसकट 'बोंडअळी' म्हणतात. ती बोंडअळी नव्हे. आपली गुलाबी बोंडअळी हे पतंगाचं अपत्य. तिकडचा तो सोंडेचा भुंगा, सोंडकिड्याच्या जातीतला. मादी सोंडेने पात्याला, म्हणजे कपाशीच्या कळीला, भोक पाडून आत अंडं घालते, पातं पिवळं पडून गळतं, म्हणजे बोंड धरायच्या आधीच पीक जातं. चित्र काढताना अळी काढलीत तर एखादा शेतकऱ्याचा मुलगा उभा राहून चूक दाखवेल, आणि ती बरोबरच असेल.

कार्व्हर सुरुवातीपासून शेंगदाण्यामागे लागला होता असंही नाही. आधी त्याचा भर चवळीवर आणि रताळ्यावर होता. वर्षानुवर्षं कापूस घेऊन कस गेलेली जमीन, कुळाच्या अंगावर दुकानदाराचं कर्ज, विकतचं खत परवडत नाही. मग खत कुठून आणायचं? रानातला पालापाचोळा, दलदलीतला काळा गाळ, गोठ्यातलं शेण, आणि द्विदल पिकाचा बेवड, म्हणजे आधीच्या पिकाने जमिनीत सोडलेला कस. १९०५ ची त्याची पत्रिका याच विषयावर आहे.

तुमच्या प्रदर्शनासाठी प्रयोगही तिथूनच घ्या. भुईमुगाच्या मुळावरच्या गाठी मुलांना दाखवायच्या.

तीन कुंड्या, प्रत्येकी निदान १२ इंच खोल. माती शेतातलीच घ्या, जिथे आधी भुईमूग किंवा चवळी झालेली आहे अशा. नुसत्या कोकोपीटमध्ये लावलंत तर गाठी येणारच नाहीत, कारण त्यात या गाठी करणारा रायझोबियम जिवाणू नसतो. पहिल्या कुंडीत बी तसंच पेरा. दुसरीत जिवाणू खत चोळून: १ किलो बियाला २५ ग्रॅम हे प्रमाण, म्हणजे मूठभर बियाला चिमूटभर. गुळाच्या गार पाण्यात कालवून हलक्या हाताने चोळायचं, सावलीत सुकवायचं आणि त्याच दिवशी पेरायचं. उन्हात सुकवलं की जिवाणू मरतात. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू खत सगळ्यात शेवटी. तिसऱ्या कुंडीत बी साधंच, पण उगवल्यावर दर आठवड्याला पाव चमचा युरिया पाण्यात विरघळवून द्या.

४० ते ४५ दिवसांनी झाडं काढा. बुडख्याला धरून ओढू नका, गाठी मातीतच राहतात. कुंडी आडवी करून मातीचा गोळा बादलीत भिजत ठेवा आणि माती आपोआप सुटू द्या. मग गाठ ब्लेडने कापा. आत गुलाबी-लाल दिसली तर ती नत्र धरते आहे. पांढरी म्हणजे अजून कामाला लागलेली नाही, हिरवट-करडी म्हणजे दमलेली. युरियाच्या कुंडीत गाठी कमी आणि बारीक निघतील, कारण आयतं नत्र मिळालं की झाड गाठींना पोसत नाही. मुलांना ही कुंडी सगळ्यात जास्त चकित करते. पाणी तुंबलेल्या कुंडीतही गाठी नीट धरत नाहीत, तेव्हा तळाची भोकं तपासा.

आणखी एक बारकावा. भुईमुगाने जमीन सुधारते हे अर्धंच खरं. शेंगा काढताना आपण अख्खा वेल उपटतो आणि पाला जनावरांना घालतो. म्हणजे नत्राचा मोठा हिस्सा शेताबाहेर गेला. त्या जनावरांचं शेण त्याच शेतात परत आलं तरच हिशोब जुळतो. कार्व्हरच्या लिखाणात गोठ्यातलं खत सारखं येतं ते उगाच नाही.

१९०६ ची जेसप गाडीही एका तक्त्यावर घ्या. दूध घुसळायची यंत्रं, नांगर, बियाणं, खतं घेऊन घोडागाडीच खेड्यात जायची. शेतकरी शाळेत येत नाही तर शाळा त्याच्या बांधावर. थॉमस कँबेल ती चालवायचा, आणि अमेरिकेच्या शेतकी विस्तारसेवेतला तो पहिला कृष्णवर्णीय कर्मचारी.

---

काचनळी

पोलिओबद्दल. दोन्ही वाक्यं चुकीची आहेत, आणि खरी गोष्ट त्यांच्यापेक्षा जास्त शिकवणारी आहे.

जोनास साल्क यांच्या पोलिओ लशीतला विषाणू माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर वाढवलेला होता. हेला पेशींपासून ती लस बनली नाही, आणि टस्कीगीत तर नाहीच. टस्कीगीने केलं ते असं: लस टोचल्यावर मुलांच्या रक्तात प्रतिपिंडं (विषाणूला अडवणारी प्रथिनं) तयार झाली का, हे तपासायला लागणाऱ्या जिवंत मानवी पेशी अफाट संख्येने, दर आठवड्याला, एकसारख्या दर्जाच्या पुरवल्या.

तपासणी कशी चालते ते मुलांना फळ्यावर काढून दाखवता येतं. रक्तातला निवळ द्रव, म्हणजे सीरम, घ्यायचा. तो टप्प्याटप्प्याने पातळ करत जायचा. प्रत्येक टप्प्यात ठरावीक मात्रेचा जिवंत पोलिओ विषाणू मिसळायचा, थोडा वेळ ठेवायचा आणि ते मिश्रण पेशींच्या नळीत घालायचं. सीरममध्ये प्रतिपिंडं असतील तर ती विषाणूला बांधून टाकतात आणि पेशी काचेला चिकटून शाबूत राहतात. नसतील तर काही दिवसांत पेशी गोल होऊन काचेवरून सुटतात. सूक्ष्मदर्शकातून फरक लगेच कळतो. कुठल्या टप्प्यापर्यंत पेशी वाचल्या, त्यावरून प्रतिपिंडांचं प्रमाण.

आता हिशोब बघा. पोलिओचे विषाणू तीन प्रकारचे, म्हणून प्रत्येक नमुना तीनदा तपासायचा. लशीच्या आधीचं रक्त आणि नंतरचं रक्त. प्रत्येकाचे निदान चार टप्पे. म्हणजे एका मुलामागे २४ नळ्या, पडताळ्याच्या नळ्या वेगळ्याच. १९५४ च्या चाचणीत सुमारे १८ लाख मुलं होती, आणि त्यातल्या हजारो मुलांचं रक्त घेतलं होतं. एवढ्या नळ्यांसाठी माकडांच्या पेशी वापरायच्या आणि त्यासाठी माकडं आणायची तर खर्च आणि वेळ दोन्ही आवाक्याबाहेर गेले असते. मिनेसोटा विद्यापीठात शेरर आणि सिव्हर्टन यांनी हेला पेशी पहिल्यांदा वाढवणाऱ्या जॉर्ज गाय यांच्याबरोबर दाखवून दिलं होतं की हेला पेशींना पोलिओची लागण होते. शिवाय त्या झपाट्याने वाढतात.

काम टस्कीगीकडे कसं आलं? पोलिओ संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या राष्ट्रीय प्रतिष्ठानाचे अध्यक्ष बेसिल ओ'कॉनर हे टस्कीगीच्या विश्वस्त मंडळाचेही प्रमुख होते. प्रतिष्ठानातले कृष्णवर्णीय अधिकारी चार्ल्स बायनम यांनी टस्कीगीचं नाव लावून धरलं. शिवाय टस्कीगीत १९४१ पासून पोलिओग्रस्त कृष्णवर्णीय मुलांसाठी उपचारकेंद्र होतं, कारण गोऱ्यांच्या केंद्रांत त्यांना घेत नसत.

१९५३ मध्ये रसेल ब्राऊन आणि जेम्स हेंडरसन यांनी हे काम उभं केलं. ऐन भरात असताना आठवड्याला २०,००० नळ्या बाहेर पडत होत्या. १९५५ च्या मध्यापर्यंत एकूण सुमारे ६ लाख. कामावर माणसं जेमतेम ३५.

पेशी वाढवणं म्हणजे नव्वद टक्के भांडी घासणं, हे मुलांना जरूर सांगा. काचेच्या नळीत साबणाचा अंश राहिला की पेशी चिकटतच नाहीत. पाणी पुनःपुन्हा ऊर्ध्वपातित लागतं, नळातल्या पाण्यातले धातू चालत नाहीत. रबरी बुचातून झिरपणारी रसायनं पेशींना विषारी ठरतात. नळ्या भरताना मिश्रण सतत ढवळावं लागतं, कारण पेशी जड असल्याने दोन-चार मिनिटांत तळाला बसतात. ढवळलं नाही तर पहिल्या नळ्या घट्ट आणि शेवटच्या पाणीदार. मग दोन नळ्यांचे निकाल एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत आणि सगळी तपासणी वाया. भरलेली नळी उभी नाही, तिरकी आडवी ठेवायची, म्हणजे पेशी एका बाजूला पातळ थर धरतात. पोषक द्रवात फिनॉल रेड हे आंबटपणा दाखवणारं रंगद्रव्य टाकलेलं असतं. लालसर आहे तोवर ठीक, पिवळा झाला म्हणजे आंबट झाला आणि पेशी उपाशी. गढूळ झाला तर जिवाणू शिरले, टाकून द्या.

आणि प्रवास. मानवी पेशी ३६-३७ अंशांवर वाढतात. गारठा त्या काही दिवस सोसतात, फक्त वाढ मंदावते. पण अंगाच्या तापमानाच्या वर दोन-चार अंश गेले की मरायला लागतात. अलाबामाच्या उन्हाळ्यात खोकं उन्हात तासभर राहिलं तरी संपलं. त्यामुळे पेशी वाढवण्याइतकंच डोकं त्या खोक्याच्या आवरणावर आणि पोचण्याच्या वेळेवर खर्च झालं.

या पेशी कोणाच्या, हे त्याच तक्त्यावर यायलाच हवं. हेन्रिएटा लॅक्स, वय ३१, गर्भाशयमुखाचा कर्करोग. १९५१ मध्ये जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात त्यांच्या गाठीचा तुकडा संशोधनासाठी घेतला गेला. त्यांना विचारलं नाही, सांगितलंही नाही. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला त्या गेल्या. फोटो पेशींचा एकट्याचा लावू नका, बाईंचाही लावा.

---

विज्ञानमंडळ

दोघांचेही मनापासून आभार. तिसऱ्या कुंडीची कल्पना लगेच घेतली. २४ नळ्यांचा हिशोब मुलांकडूनच करून घेईन. सिफिलिसबद्दल मात्र अजून ठरत नाही. पालकांची हरकत येईल असं शाळेतले सहकारी म्हणतात.

---

दप्तरखाना

सांगा. नववीच्या मुलांना कळतं. वगळलंत तर उरलेलं प्रदर्शन अपुरं राहील, कारण पेशींचं ते काम आणि हा अन्याय एकाच गावात, एकाच वेळी चालू होता.

सुरुवात नावापासून करा. 'टस्कीगी प्रयोग' म्हटलं की विद्यापीठाने केला असं वाटतं. केला अमेरिकी सरकारच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने. १९३२ ते १९७२, चाळीस वर्षं. टस्कीगीतल्या लोकांचा आग्रह आहे की त्याला 'सार्वजनिक आरोग्य सेवेचा टस्कीगी इथला सिफिलिस अभ्यास' म्हणावं, आणि तो आग्रह योग्य आहे. पण संस्थेला धुतल्या तांदळासारखंही दाखवू नका. तिथल्या रुग्णालयाने जागा दिली, प्रमुखांनी होकार दिला, परिचारिका तिथलीच होती.

टस्कीगी ज्यात येतं त्या मेकन परगण्यातले जवळपास ६०० कृष्णवर्णीय पुरुष. ३९९ जणांना सिफिलिस, २०१ जण तुलनेसाठी निरोगी. बहुतेक गरीब कुळं. आजाराचं नाव त्यांना सांगितलं नाही, 'रक्त खराब आहे' एवढंच. पाठीच्या कण्यातून पाणी काढायची वेदनादायक तपासणी 'खास मोफत उपचार' म्हणून खपवली. मेल्यावर शवविच्छेदन करू दिलं तर कुटुंबाला अंत्यविधीचा खर्च. पेनिसिलिन हा सिफिलिसवरचा उपाय १९४० च्या दशकात सर्वमान्य झाला, तरी या माणसांना तो मिळू दिला नाही.

एक गैरसमज खोडून काढा: यांना रोग टोचला नव्हता. तो आधीपासून होता, तो बरा करायचं टाळलं. टोचण्याचा प्रकार ग्वाटेमालात १९४६ ते १९४८ मध्ये झाला, ते प्रकरण वेगळं. दोन्हींची सरमिसळ केली की ऐकणारा एक चूक पकडून सगळंच नाकारतो.

पीटर बक्स्टन या आरोग्य सेवेतल्याच माणसाने आतून अनेक वर्षं हरकत घेतली, कोणी ऐकलं नाही, शेवटी त्याने ती कागदपत्रं पत्रकारांकडे दिली. जुलै १९७२ मध्ये बातमी छापून आली. १९७४ मध्ये १ कोटी डॉलरची तडजोड झाली आणि त्याच वर्षी संशोधनातल्या माणसांच्या संरक्षणाचा कायदा आला. १६ मे १९९७ रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी वाचलेल्या वृद्धांसमोर माफी मागितली. १९९९ मध्ये टस्कीगीतच जैवनीतीचं राष्ट्रीय केंद्र सुरू झालं. आज कुठल्याही औषध चाचणीआधी रुग्णाला समजेल अशा भाषेतला संमतिपत्राचा कागद पुढे येतो, त्यातल्या बऱ्याच ओळींमागे मेकन परगण्यातली ही माणसं आहेत. मराठीतला असा एखादा कोरा नमुना मिळाला तर तक्त्याशेजारी टांगा आणि मुलांना विचारा, यातली कुठली ओळ १९३२ मध्ये असती तर काय टळलं असतं?

वयाचा प्रश्न असेल तर 'लैंगिक संबंधातून पसरणारा, उपचार न केल्यास हृदय, मेंदू आणि डोळ्यांना इजा करणारा जिवाणूचा आजार' एवढी ओळ पुरते.

---

गवंडी

चौथा प्रश्न राहिला. विटा आणि खिडक्या दाखवा.

शाळा ४ जुलै १८८१ रोजी सुरू झाली. राज्याने शिक्षकांच्या पगारासाठी वर्षाला २,००० डॉलर मंजूर केले होते. जागा, इमारत काहीच नाही. मुख्याध्यापक बुकर टी. वॉशिंग्टन, स्वतः गुलामगिरीत जन्मलेले. इमारतीला विटा हव्यात आणि गावात वीटभट्टी नाही, म्हणून विद्यार्थ्यांनीच पाडायच्या असं ठरलं. पहिल्या तीन भट्ट्या फसल्या. तिसरी तर आठवडाभर जळून शेवटच्या टप्प्यात ढासळली. कच्ची वीट आतून ओली राहिली किंवा रचताना आचेच्या वाटा एकसारख्या सुटल्या नाहीत की असंच होतं: एका बाजूच्या विटा वितळतात, दुसरीकडच्या कच्च्या राहतात. वॉशिंग्टन यांनी घड्याळ गहाण टाकून १५ डॉलर आणले, चौथी भट्टी साधली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विद्यार्थी एका हंगामात १२ लाख विटा पाडत होते, आणि आसपासचे गोरे लोकही त्या विकत नेत. इमारतींचे नकाशे रॉबर्ट टेलर यांचे. एमआयटी या अमेरिकेतल्या नामांकित तंत्रसंस्थेतून पदवी घेतलेले ते पहिले कृष्णवर्णीय.

खिडक्यांचं असं. १९१२ मध्ये व्यापारी ज्युलियस रोझेनवाल्ड यांच्या देणगीतून उरलेल्या पैशांत टस्कीगीने अलाबामात सहा खेडेगावी शाळा बांधायला घेतल्या. तिथून सुरू झालेलं काम १९३२ पर्यंत १५ राज्यांत ४,९७७ शाळांवर गेलं. देणगी पूर्ण रकमेची कधीच नसायची, गावाने आपला वाटा उचलायचा. शेवटच्या हिशोबात रोझेनवाल्ड यांच्याकडून ४३ लाख डॉलर आणि कृष्णवर्णीय गावकऱ्यांकडून ४७ लाख. देणगीदारापेक्षा मजुरी करणाऱ्यांनी जास्त दिले. हा आकडा तक्त्यावर मोठ्या अक्षरात घ्या.

या शाळांत वीज नव्हती. म्हणून वर्गाच्या एका भिंतीला ओळीने उंच खिडक्या, शक्यतो पूर्व किंवा पश्चिमेकडे, आणि बाकं अशी मांडायची की उजेड मुलाच्या डाव्या खांद्यावरून वहीवर पडेल. उजव्या हाताने लिहिताना हाताची सावली अक्षरावर येत नाही. तुमच्याच वर्गात दिवे बंद करून बाकं दोन्ही दिशांनी फिरवून बघा, पाच मिनिटांत पटतं. डावखुऱ्या मुलांना उलटं बसवून बघायला विसरू नका.

वैद्यकाबद्दल एक दुरुस्ती आत्ताच सुचवतो. टस्कीगीत डॉक्टर घडवणारं महाविद्यालय कधीच नव्हतं. ते काम हॉवर्ड आणि मेहॅरी या कृष्णवर्णीयांच्या दुसऱ्या दोन संस्थांचं. टस्कीगीत १८९२ पासून परिचारिकांचं प्रशिक्षण, १९१३ पासून मोठं रुग्णालय, १९१५ पासून आरोग्य सप्ताहाची देशव्यापी मोहीम, आणि १९४५ पासून पशुवैद्यक. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय पशुवैद्यांपैकी बहुसंख्य तिथूनच बाहेर पडलेले आहेत.

---

बेवड

महाराष्ट्राशी नातं दाखवायचा मोह होईल म्हणून आधीच सांगतो. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केली, ते टस्कीगी सुरू होण्याच्या आठ वर्षं आधी. तेवढी ओळ रास्त आहे. त्यापुढे ओढून-ताणून काही जोडू नका.

आणि कुंड्यांसाठी भुईमुगाचं बी पेरणीच्या आदल्या दिवशीच टरफलातून काढा. आधीच फोडून ठेवलेल्या बियाची लाल साल निघाली की ते नीट उगवत नाही.